शर्ट न काढलेला तक्रारदार

पायल अहिरेचं पत्र येऊन चार महिने उलटले होते आणि सहादूराव गायख्यांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं.

सहादूराव म्हणजे छापील शुभेच्छापत्राचीही पोच देणारा माणूस. गॅस एजन्सीने 'प्रिय ग्राहक' म्हणून पाठवलेल्या पत्रालाही त्यांनी एकदा 'आपले पत्र पावले, आभारी आहे' असं कळवलं होतं. तीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढलेली, त्यामुळे आलेला प्रत्येक कागद कुठेतरी नोंदला गेला पाहिजे अशी त्यांची समजूत. अशा माणसाने एका नर्सचं हाताने लिहिलेलं पत्र शब्दकोशाच्या तिसऱ्या खंडात घालून ठेवावं, आणि तेव्हापासून तिसऱ्या खंडातल्या एकाही शब्दाचा अर्थ बघू नये, याला काहीतरी कारण असणारच.

पत्र त्यांना पाठ होतं. 'गायखे काका, सा. न. वि. वि. मी पायल. जुलैत ज्येष्ठ नागरिक संघाच्या हॉलमध्ये तुम्हाला फ्लूची लस दिली ती. तुमचा खांदा दुखतो हे नोटीस आली तेव्हा कळलं. वाईट वाटलं. नोटिशीबद्दल मला काही म्हणायचं नाही. एकच विचारते. मी तुम्हाला शर्ट काढायला सांगितलं होतं, तेही दोनदा, हे तुम्हाला आठवतं का? आठवत असेल तर तेवढं लिहून पाठवा. इथे माझं कुणी ऐकत नाही. इंजेक्शनच्या कामावरून काढून मला फायलींवर बसवलं आहे आणि मार्चअखेर करार संपतो. धाकटी बहीण साक्षी माझ्याजवळ राहून कॉलेज करते. आठवत नसेल तर तसं कळवा, म्हणजे मी वाट बघणार नाही. खांदा शेकत जा.'

आठवत नसतं तर किती बरं झालं असतं! पण सहादूरावांना सगळं आठवत होतं. त्या दिवशी हॉलमध्ये किती पंखे फिरत होते आणि त्यातला कोणता कुरकुरत होता, हेसुद्धा.

नाशिकमधल्या त्यांच्याच इंदिरानगरातल्या एका खासगी हॉस्पिटलने ते शिबिर भरवलं होतं. लस सवलतीच्या दरात, पावती फाडून. पुरुषांची रांग एका भिंतीला, बायकांची दुसऱ्या भिंतीला. लस घेतल्यावर अर्धा तास बसून राहायचं, असा नियम. बायकांची रांग आधी संपली, आणि नियमाप्रमाणे अर्धा तास बसण्यासाठी त्यांना ज्या खुर्च्या मिळाल्या, त्या नेमक्या पुरुषांच्या टेबलासमोर. भजनी मंडळातल्या चौदा बायका समोर, पहिल्या रांगेत मधोमध मंगलाबाई गायखे. करमणुकीला दुसरं काही नव्हतं, म्हणून सगळ्यांची नजर टेबलावर.

सहादूरावांचा नंबर आला. बिचाऱ्यांची बाही पूर्ण, तीही त्यांच्या शिंप्याने नेहमीप्रमाणे कापड वाचवून शिवलेली. ती कोपराच्या वर चढेना.

"काका, शर्ट काढावा लागेल," पायल म्हणाली.

"असंच द्या."

"असं नीट दिसत नाही, काका. काढा ना, दोन मिनिटांचं काम."

"दिसतंय की. द्या असंच."

सहादूरावांना शर्ट काढता येत नव्हता, कारण आत बनियन होतं. तसं सगळ्यांच्याच आत असतं. पण सहादूरावांच्या त्या बनियनला काखेपासून बरगडीपर्यंत एक भगदाड होतं. वाचत बसायला तेच बनियन त्यांना फार आवडायचं. जुनं कापड अंगाला लागत नाही. मंगलाबाईंनी ते तीनदा पोछ्याच्या ढिगात टाकलं आणि तीनदा ते परत आलं. चौथ्यांदा, त्या शिबिराच्याच सकाळी, त्यांनी सरळ विचारलं होतं, "ते टाकलंत ना?" आणि सहादूराव म्हणाले होते, "टाकलं." म्हणताना ते अंगात होतं.

तेव्हा त्यांनी गळ्याची दोन बटणं सोडली आणि कॉलर एका बाजूने खाली ओढली. खांद्याचं टोक तेवढं उघडं पडलं. रांगेतून कुणीतरी ओरडलं, "अहो गायखे, लस घेताय की शिंप्याला माप देताय?" समोरच्या चौदा बायका हसल्या. पायलने रांगेकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, लाल झालेल्या काकांकडे पाहिलं, आणि जो खांदा दिसत होता त्यात सुई दिली.

दुसऱ्या दिवशी हात वर होईना. आठवडा गेला, महिना गेला. डॉक्टर म्हणाले, "सुई जरा वर लागली असेल तर असं होतं. वयानेही होतं. कधी आपोआपही होतं. नक्की कशाने, ते सांगता येत नाही. पण व्यायामाने सुटेल." यातलं मंगलाबाईंनी पहिलं वाक्य तेवढं ऐकलं. त्यांनी स्वतः तीच लस घेतली होती आणि पावसाळाभर साधी शिंक आली नव्हती, त्यामुळे लशीवर त्यांचा राग नव्हता. राग होता तो सुई देणारीवर.

आणि मंगलाबाईंचा भाचा नवनाथ नुकताच वकील झाला होता. भाडेकरार करून कंटाळलेला. त्याने मामांच्या, म्हणजे आत्याच्या यजमानांच्या, वतीने ग्राहक आयोगात अशी तक्रार ठोकली की वाचताना सहादूरावांना स्वतःची कीव आली. 'तक्रारदार हे व्यासंगी गृहस्थ असून वरच्या फळीवरील ग्रंथांपासून ते कायमचे वंचित झाले आहेत,' असं एक वाक्य त्यात होतं. वस्तुस्थिती अशी की वरची पुस्तकं मंगलाबाईंनी दुसऱ्याच दिवशी खाली आणली होती आणि त्या जागी पापडाचे डबे ठेवले होते. ते डबे मात्र पुन्हा खाली यायचं नाव घेत नव्हते.

तक्रारीत हॉस्पिटल सामनेवाला क्रमांक एक आणि पायल अहिरे क्रमांक दोन. तिला नोटीस गेली आणि तिचं पत्र आलं. सहादूरावांनी उत्तराचे पाच मसुदे केले. पाचही मसुद्यांत पहिली दोन पानं प्रस्तावना होती आणि बनियनपाशी आलं की पेन थांबायचं. मग त्यांनी नवनाथला सहज विचारल्यासारखं विचारलं, "समोरच्या बाजूला पत्र लिहिलं तर चालतं का रे?" नवनाथ म्हणाला, "मामा, अजिबात नाही! तुम्ही फक्त बसा." सहादूरावांनी तो कायद्याचा आदेश मानला आणि चार महिने बसले.

आयोगाने प्रकरण मध्यस्थीला पाठवलं. त्या तारखेच्या सकाळी मंगलाबाई त्यांना शर्ट घालत होत्या.

"हात वर. अजून. अहो, रिक्षा थांबवताय का? जरा वर!"

"होतो तेवढाच होतो."

"होईल. त्या भवानीने सुई कुठे खुपसली देव जाणे. डोळे होते का भिंगऱ्या होत्या!" बाही चढवताना त्या रोज पायलला एक शिवी द्यायच्या. आठ महिन्यांत शिव्या संपत आल्या होत्या. आता त्या माहेरच्या आठवून आणायच्या.

इतक्यात नवनाथ आला, आनंदाने फुललेला. "आत्या, पेढे आणून ठेव. हॉस्पिटल तयार झालंय! त्यांनी तडजोडीचा मसुदाच पाठवलाय. मामा, वाचा."

सहादूराव पेन्सिल घेऊन वाचायला बसले. पहिल्या पानावर त्यांनी सहा ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले. दुसऱ्या पानावर पेन्सिल थांबली. कलम चार: 'सदर लस देताना सामनेवाला क्र. २ यांनी निष्काळजीपणा केल्याचे सामनेवाला क्र. १ मान्य करीत असून, त्यांच्या कराराचे नूतनीकरण करण्यात येणार नाही.'

"हे... हे आपण मागितलं होतं?"

"नाही ना! हे त्यांनीच घातलंय. खर्च देतो, दिलगिरी देतो आणि वर ती नर्सही काढून टाकतो, म्हणतात. आपल्याला फुकटात."

"तिला विचारलं का?"

"तिचं वकीलपत्र हॉस्पिटलच्याच वकिलाकडे आहे, मामा. ती आज येणारसुद्धा नाही. सही नंतर घेतील. न करून जाते कुठे?"

"बरं झालं," मंगलाबाई म्हणाल्या. "निदान दुसऱ्या कुणाचा खांदा वाचेल. चला, उशीर होईल."

सहादूरावांनी मसुदा घडी करून खिशात ठेवला. रस्ताभर त्यांचा हात त्या खिशावर होता. मंगलाबाईंना वाटलं, खांदा दुखतोय.

आयोगाच्या कार्यालयात मध्यस्थीची खोली लहानशी होती. मध्यस्थ होत्या उज्वला कोठावदे, जुन्या वकील, केस पिकलेल्या, टेबलावर फाईल एक आणि चहाचा थर्मास एक. हॉस्पिटलतर्फे रवी शिरोडे नावाचे व्यवस्थापक आले होते. कडक इस्त्री, गोड बोलणं, दोन फोन. सगळ्यांशी मिळून थोडं बोलून झाल्यावर कोठावदेबाई म्हणाल्या, "आता मी प्रत्येक बाजूशी स्वतंत्र बोलते. मनात असेल ते मोकळेपणाने सांगा. मला एकटीला सांगितलेलं तुमच्या परवानगीशिवाय मी कुणाला सांगत नाही. आणि या खोलीत झालेलं बोलणं पुढे कुठे पुरावा म्हणून वापरता येत नाही."

शिरोडे दोन्ही फोन घेऊन खाली गेले. सहादूराव ताठ बसले. इतका सोयीचा नियम त्यांनी उभ्या जन्मात ऐकला नव्हता. बोलायचं, आणि ते कुणाला कळायचं नाही!

"मला... बाईंशी जरा एकट्याने बोलायचंय," ते म्हणाले.

मंगलाबाई नवऱ्याकडे पाहतच राहिल्या. "एकट्याने? हे? बाई, हे दूधवाल्याशी एकट्याने बोलत नाहीत. मागच्या महिन्यात त्याने रतीब चुकवला, तर यांनी चिठ्ठी लिहून पिशवीत ठेवली."

"मामा, वकिलाशिवाय नका बोलू," नवनाथ म्हणाला.

"दोघंही बाहेर बसा," कोठावदेबाई म्हणाल्या, आणि थर्मास उघडला.

सहादूरावांना बनियनपर्यंत पोचायला पाव तास लागला. आधी कॉलेजचं ग्रंथालय झालं, मग शिंपी झाला, मग लस शोधून काढणाऱ्यांचे उपकार झाले. कोठावदेबाईंनी मधे एकदाही टोकलं नाही. शेवटी ते चहाच्या कपात बघत म्हणाले, "तिने दोनदा सांगितलं होतं, शर्ट काढा. मी काढला नाही. बनियन फाटलेलं होतं. समोर बायका होत्या. घरच्याही होत्या."

कोठावदेबाईंनी चष्मा काढून पुसला. तो पुसायला जरा जास्तच वेळ लागला. मग त्या म्हणाल्या, "बरं केलंत सांगितलंत ते. आता मी याचं काय करू?"

"तुम्ही... योग्य ते करा."

"मला काही करता येत नाही, गायखेसाहेब. मला सांगितलेलं म्हणजे विहिरीत टाकलेलं. तुमच्या मनावरचा दगड खाली आला असेल. त्या मुलीच्या डोक्यावरचा तिथेच आहे."

"मग?"

"मग काय? बाहेर बाकावर तुमच्या मिसेस बसल्यात. सुरुवात तिथून करा."

दगड खाली आला होता तो परत जागेवर चढून बसला. खोलीच्या दारापासून बाकापर्यंत बारा पावलं होती. सहादूरावांनी ती मोजली. त्यातल्या सातव्या पावलावर ते थांबले, भिंतीवरचा पिण्याच्या पाण्याबद्दलचा फलक पूर्ण वाचला, आणि मग पुढे गेले. बाकावर मंगलाबाई नवनाथला पिशवीतून डबा काढून शंकरपाळे देत होत्या.

"काय म्हणाल्या?" मंगलाबाईंनी विचारलं.

"अगं, मी शर्ट काढला नव्हता."

"कधी?"

"लस घेताना. ती दोनदा म्हणाली, काढा. मीच काढला नाही. कॉलर ओढली. म्हणून सुई वर गेली असेल."

नवनाथच्या हातातला शंकरपाळा तोंडाच्या अलीकडे थांबला.

"कॉलर ओढलेली दिसली होती. मला वाटलं, तिनेच तसं सांगितलं. का नाही काढला?" मंगलाबाई.

"बनियन."

"बनियनचं काय?"

"ते होतं अंगात. ते... तू विचारलं होतंस, टाकलं का म्हणून, ते."

मंगलाबाईंनी डब्याचं झाकण लावलं. "तुम्ही तर टाकलं म्हणालात."

"टाकलं. त्याच दिवशी. संध्याकाळी."

"मामा," नवनाथ हळूच उठत म्हणाला, "हे तुम्ही मला सांगितलेलं नाही. मी इथे नव्हतोच. मी पाणी प्यायला गेलेलो आहे." आणि तो खरंच पाणी प्यायला गेला.

मंगलाबाईंनी डबा पिशवीत घातला आणि पिशवीला गाठ मारली. त्या बोलत नसल्या की सहादूरावांना घर परकं वाटायचं. इथे तर घरही नव्हतं.

"आठ महिने," त्या म्हणाल्या. "आठ महिने मी त्या पोरीला रोज सकाळी शिव्या घालतेय. तुम्ही ऐकत होतात. हूं की चूं नाही. आता त्या शिव्यांचं मी काय करू?"

"माझ्या नावावर कर."

"तुमच्या खात्यात आधीच जागा नाही." मग त्यांचा आवाज बदलला. "आणि मी तिथेच समोर होते ना? एक हाक मारायची. येऊन पदराचा आडोसा धरला असता."

"तू हसली असतीस."

"हसले असतेच! चौदाच्या चौदा हसलो असतो. मग? हसण्याने माणसाचा खांदा आखडतो का?"

सहादूरावांनी मग तेही सांगून टाकलं: पत्राचं, मार्चअखेरचं, बहिणीचं. मंगलाबाईंनी पत्र कुठे आहे ते विचारलं. तिसऱ्या खंडात, म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "तरीच! मी मेली रोज त्या पुस्तकांवरची धूळ झटकते. उघडून बघायची बुद्धी मात्र कधी झाली नाही." आणि उठल्या. "चला आत. पण बोलायचं तुम्ही. मी एक शब्द बोलणार नाही."

त्या एक शब्द बोलणार नाहीत म्हणाल्या याचा सहादूरावांना धीर येण्याऐवजी घामच फुटला. पण आत शिरोड्यांसमोर बसल्यावर त्यांनी खिशातला मसुदा काढला, टेबलावर सरळ केला आणि कलम चारवर बोट ठेवलं.

"हे काढा," ते म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की शिरोडे पुढे वाकले.

"काय म्हणालात, सर?"

"हे काढा. हे खरं नाही. त्यांनी मला शर्ट काढायला सांगितलं होतं. दोनदा. मी काढला नाही. माझं... आतलं बनियन फाटलेलं होतं."

मंगलाबाई समोरच्या भिंतीकडे बघत होत्या; त्यांचा पदर तोंडावर होता आणि खांदे हलत होते. नवनाथने डोळे मिटून घेतले होते, जणू कुठेतरी एखादा भाडेकरार त्याची वाट पाहत होता.

शिरोड्यांचा चेहरा उजळला. "अरे वा! म्हणजे चूक तुमचीच की, सर! मग आम्ही खर्च तरी कशाला द्यायचा?"

"शिरोडे," कोठावदेबाईंनी विचारलं, "त्या हॉलमध्ये पडदा होता?"

"म्हणजे, मॅडम, जागा लहान—"

"आडोसा? एखादी चादर दोरीला टांगलेली? तेवढंही नाही?"

शिरोड्यांनी एका फोनकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. दोन्ही गप्प होते.

"पुरुषांच्या रांगेला नर्स किती?"

"एक."

"माणसं किती?"

"दीडशे असतील."

"दीडशे म्हाताऱ्यांनी बायकांसमोर शर्ट काढायचे, आणि एका पोरीने ते काढून घ्यायचे," कोठावदेबाई म्हणाल्या. "तिने नाही म्हणायला हवं होतं, हे खरं. यांनी काढायला हवा होता, हेही खरं. पण शिबिर भरवलं कुणी?"

इथे मंगलाबाईंचा एक शब्द न बोलण्याचा निश्चय संपला. "आणि खुर्च्या कुणी मांडल्या तशा? सिनेमा होता का?"

पुढचा तासभर मसुद्यावर खाडाखोड झाली. फिजिओथेरपीचा खर्च हॉस्पिटलने द्यायचा. नवनाथने मागितलेल्या 'ग्रंथवियोगा'च्या भरपाईवर सहादूरावांनी स्वतःच आडवी रेघ मारली. शिबिरात यापुढे पडद्याची सोय केली जाईल, असं नवं कलम आलं. आणि चौथं कलम गेलं. सह्या झाल्या, पायलची सही त्या सुधारलेल्या कागदावर घ्यायची असं ठरलं.

"म्हणजे तिचा करार...?" सहादूरावांनी विचारलं.

"करार हा या खोलीतला विषय नाही, सर," शिरोडे म्हणाले. ते आता जरा माणसासारखे बोलत होते. सह्या झाल्यावर तसं होतं. "इथून मी तिला काढायचं कलम काढलं. पण तिच्या फायलीला तुमच्या तक्रारीची प्रत लागलेली आहे. एकतीस तारखेला समिती फाईल बघणार. तिच्या बाजूने त्यात एकही कागद नाही. काही लेखी असतं तर मी पुढे ठेवलं असतं."

"आत्ता मी बोललो ना सगळं."

"ते वापरता येत नाही," कोठावदेबाई म्हणाल्या. "तुम्हाला आवडलेला नियम. तो सगळ्यांनाच लागू आहे. इथे बोललात ते इथेच राहणार. पण तुमच्या आयुष्यात काय घडलं, ते घरी बसून कुणालाही लिहायला तुम्हाला कोण अडवतंय?"

"मामा, मी ड्राफ्ट करून देतो," नवनाथ म्हणाला.

"नको," सहादूराव आणि मंगलाबाई एकदम म्हणाले.

त्या दिवशी तारीख होती सव्वीस. दुपारी जेवण झाल्यावर सहादूरावांनी तिसरा खंड काढला. पत्र आणि पाच मसुदे टेबलावर मांडले. मंगलाबाई समोर मेथीची जुडी घेऊन बसल्या.

"लिहा. मी बसलेय."

"तू बसलीस की सुचत नाही."

"मी नव्हते तेव्हा चार महिने काय सुचलं ते दिसतंय. वाचून दाखवा बघू."

सहादूरावांनी वाचलं, "'सप्रेम नमस्कार. आपल्या पत्रास उत्तर देण्यास झालेल्या विलंबाबद्दल—'"

"किती झाला?"

"चार महिने."

"मग विलंब काय? चार महिने लिहा."

ते लिहिलं. मग सहादूरावांनी लाजाळूपणा हा दोष की गुण, यावर दोन वाक्यं लिहिली. मंगलाबाईंनी मेथीची काडी मोडत नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. ती दोन वाक्यं खोडली गेली.

"बनियनचं लिहू का? की 'काही खासगी कारणास्तव' म्हणू? समिती वाचणार. मोठी माणसं असतील. डॉक्टर."

"डॉक्टर बनियन घालत नाहीत?"

"तसं नाही गं. पण एवढ्या वर्षांची नोकरी, लोक सर म्हणतात—"

"हे बघा. धडधाकट माणूस लस घ्यायला जातो आणि शर्ट काढत नाही. का नाही काढत, हे लिहिलं नाहीत तर कुणाचा विश्वास बसणार? म्हणतील, म्हाताऱ्याला दया आली, खोटं लिहून दिलं. भोक आहे म्हणून तर खरं वाटतं ते."

सहादूरावांनी पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. एवढ्या वर्षांत त्यांनी जे वाचलं होतं त्यात लोकांनी केवढाल्या गोष्टी कबूल केल्या होत्या. राज्यं घालवलेली, मित्र विकलेले. आपल्या वाट्याला एक बनियन यावं आणि तेही आपल्याला पेलू नये! त्यांनी खाली मान घालून लिहायला सुरुवात केली आणि मंगलाबाईंची जुडी संपायच्या आत पत्र झालं.

'चि. पायल, अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं त्याला चार महिने झाले. उत्तर दिलं नाही ही माझी चूक. तू विचारलंस ते मला आठवतं. तू मला शर्ट काढायला दोनदा सांगितलंस. माझं बनियन फाटलेलं होतं आणि समोर बायका बसल्या होत्या, म्हणून मी लाजलो, शर्ट काढला नाही, आणि कॉलर ओढून "असंच द्या" असा हट्ट धरला. तू माझ्या वयाचा मान राखलास. तो राखायला नको होता, पण त्यात निष्काळजीपणा नव्हता. तिथे पडदा असता तर यातलं काहीच झालं नसतं. हे पत्र तू कुणालाही दाखव. समितीला दाखवायलाच हवं. कुणाला विचारायचं असेल तर मी येऊन तोंडाने सांगेन. मला जरा वेळ लागतो, पण सांगेन. हात आता खांद्यापर्यंत जातो. साक्षीला आशीर्वाद. – सहादू गायखे. ता. क. माझ्या पत्नीला तुझ्याशी बोलायचं आहे. ती रागावलेली नाही.'

"ता. क. कशाला?" मंगलाबाई म्हणाल्या.

"तू म्हणालीस ना, त्या शिव्यांचं काय करू म्हणून."

"ते मी माझं बघेन. राहू दे पण. चांगलं दिसतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहादूराव एकटेच टपाल कार्यालयात गेले. मंगलाबाई येते म्हणाल्या होत्या, पण त्यांनी "मी जातो" म्हटलं आणि त्या चकित होऊन थांबल्या. स्पीड पोस्टच्या खिडकीपाशी त्यांच्यासकट चार माणसं होती. सहादूरावांनी दोघांना "तुम्ही व्हा पुढे" म्हणून पुढे सोडलं. तिसऱ्यालाही सोडणार होते, पण तो आधारकार्डाच्या खिडकीचा निघाला. मग रांगेत ते एकटेच उरले आणि पुढे सोडायला कुणीच नव्हतं.

खिडकीतल्या बाईंनी पाकीट वजनावर ठेवलं. "उद्या पोचेल ना?" सहादूरावांनी विचारलं. "एकोणतीसला तरी?"

"नाशिकातल्या नाशिकात आहे. पोचेल. मोबाईल नंबर घातलाय ना?"

"घातलाय." ते थांबले. "बाई, ते जरा परत देता? एक शब्द... 'हट्ट' असं लिहिलंय मी. 'आग्रह' जास्त बरा दिसला असता का, ते बघतो."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग पाकिटावर स्टिकर चिकटवला. "तुम्ही काय केलं होतं, बाबा? हट्ट की आग्रह?"

"हट्ट."

"मग राहू द्या."

त्यांनी पावती फाडून दिली आणि पाकीट मागच्या पिशवीत टाकलं. सहादूराव खिडकीपाशीच उभे राहिले.

"अजून काही आहे का?"

"नाही," सहादूराव म्हणाले. "गेलं ना ते?"

"गेलं."